लिनक्स मीडिया संगणक आणि इन्फ्रारेड रिमोट : बटणांच्या वेळेचे गणित नेमके कुठे बिघडते?

धागाकर्ता : सांजदिवा

टीव्हीला जोडलेल्या एका छोट्या एआरएम बोर्डावर मी लिनक्स चालवतो आणि एक्स-११ (लिनक्सवरील चित्रप्रणाली) डेस्कटॉपवर कोडी हा मीडिया प्लेअर वापरतो. ३८ किलोहर्ट्झचा तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर बोर्डाच्या थेट जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट) पिनला जोडलेला आहे, कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, जीपीआयओ-आयआर ड्रायव्हर तो वाचतो आणि रिमोट एनईसी प्रोटोकॉलचा, म्हणजे त्या नावाच्या संकेतपद्धतीचा आहे. जोडणी चालते आणि बटणांचे कोडही बरोबर येतात. वेळेच्या बाबतीत मात्र तीन तक्रारी आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे की वेगवेगळे, हे मला ठरवता येत नाही.

पहिली तक्रार सर्वांत बुचकळ्यात टाकणारी आहे. संगणक काहीही काम न करता नुसता चालू असताना बटणे चुकतात, चार वेळा दाबावे तेव्हा एकदा लागते. चित्रपट चालू असताना, म्हणजे प्रोसेसरवर भार असताना, तीच बटणे व्यवस्थित लागतात. मला नेमके उलटे अपेक्षित होते. दुसरी तक्रार अशी की बाणांची चारही बटणे एकदा दाबली तरी दोनदा लागतात, ओके आणि आवाजाची बटणे मात्र एकदाच. तिसरी तक्रार यादी चाळताना जाणवते. खाली जाण्याचे बटण धरून ठेवून सोडले, की यादी थांबण्याआधी कधी दोन तर कधी चार ओळी पुढे सरकते.

आयआर-कीटेबल हे रिमोटची मांडणी बदलणारे साधन वापरून विलंब आणि पुनरावृत्तीचे आकडे बदलून पाहिले, पण तिसऱ्या तक्रारीत काहीच फरक पडला नाही. ओके बटणासाठी पूर्वी बसवलेली एलआयआरसीडी ही रिमोटचे संकेत स्वतंत्रपणे वाचणारी सेवाही चालू आहे. तपासाची सुरुवात कुठून करावी, याबद्दल मार्गदर्शन मिळावे.


प्रतिसाद : इंद्रधनू

एलआयआरसीडीच्या रिमोट-फाइलीत ‘ईपीएस’ आणि ‘एईपीएस’ असे दोन आकडे असतात. पहिला टक्केवारीत आणि दुसरा मायक्रोसेकंदांत किती फरक चालवून घ्यायचा ते सांगतो. बहुतेक फाइलींत ते ३० आणि १०० असतात. दोन्ही वाढवून पाहा. एनईसी प्रोटोकॉलमध्ये शून्य आणि एक यांच्या खंडांत तिपटीचा फरक असल्यामुळे थोडी सैल मोजणी केली तरी गल्लत होण्याची शक्यता कमी असते.


प्रतिसाद : कर्नलवाचक

इंद्रधनू यांनी एनईसीबद्दल जे म्हटले आहे ते बरोबर आहे, तरीही या टप्प्यावर ते आकडे बदलू नयेत असे मला वाटते. एक तर ते फक्त एलआयआरसीडीला लागू होतात. धागाकर्त्यांच्या यंत्रावर कर्नलचे स्वतःचे डीकोडर (संकेतातून बटणाचा कोड काढणारे भाग) आधीच काम करत आहेत आणि त्यांच्या मर्यादा कोडमध्येच ठरलेल्या आहेत. दुसरे असे की मोजमाप का बिघडते हे कळण्याआधी मोजणी सैल केली, तर बिघाड तसाच राहतो आणि तो शोधण्याची खूण मात्र पुसली जाते.

रिमोटच्या एका दाबाची वेळ या यंत्रात तीन ठिकाणी मोजली जाते. सर्वांत खाली ड्रायव्हर प्रकाशाच्या पल्सची आणि त्यांमधल्या खंडांची लांबी मायक्रोसेकंदांत मोजतो. त्याच्या वर कर्नलचा आरसी-कोअर हा भाग ‘बटण दाबले’ आणि ‘बटण सुटले’ या घटना मिलिसेकंदांत ठरवतो. त्याच्याही वर डेस्कटॉप किंवा प्लेअर, धरून ठेवलेल्या बटणाची पुनरावृत्ती स्वतःच्या घड्याळाने करतो. तुमच्या तीन तक्रारी या तीन थरांमध्ये वाटल्या गेलेल्या दिसतात, म्हणून तपास खालून वर करावा. खालचा थर स्वच्छ झाल्याशिवाय वरच्या थरातला कोणताही आकडा बदलू नका, कारण वरचे सगळे हिशेब खालून एकही चौकट, म्हणजे रिमोटने पाठवलेला एक पूर्ण संकेत, गळत नाही असे गृहीत धरतात.

पहिले काम म्हणजे कच्ची मोजमापे पाहणे. एलआयआरसीडी थांबवा, आयआर-सीटीएल हे साधन ‘रिसीव्ह’ पर्यायाने चालवा आणि एकच बटण हलकेच दाबा. अधिक चिन्हाचे आकडे पल्सचे आणि वजा चिन्हाचे खंडांचे असतात. एनईसीमध्ये सुरुवातीला ९,००० मायक्रोसेकंदांचा पल्स आणि ४,५०० चा खंड आला पाहिजे. त्यानंतर ३२ बिट येतात. प्रत्येक बिटाचा पल्स सुमारे ५६२ चा असतो. पुढचा खंड ५६२ चा असेल तर तो शून्य आणि १,६८७ चा असेल तर एक. बटण धरून ठेवले, तर पूर्ण चौकट पुन्हा येत नाही. दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास ९,००० चा पल्स, २,२५० चा खंड आणि ५६२ चा एक पल्स एवढाच छोटा पुनरावृत्ती-संकेत येतो.

कर्नलचा एनईसी डीकोडर सुरुवातीच्या पल्समध्ये सुमारे १,१२५ मायक्रोसेकंदांची चूक चालवून घेतो, पण बिटांमध्ये फक्त २८१ ची. तेव्हा हे वाचन एकदा संगणक रिकामा असताना आणि एकदा चित्रपट चालू असताना घ्या आणि दोन्ही इथे द्या. आयआर-सीटीएल शेवटी टाइमआउटचा, म्हणजे किती शांततेनंतर संकेत संपला असे मानायचे त्याचा, जो आकडा छापते, तोही लिहा.


प्रतिसाद : तांब्याचीतार

कर्नलकडे वळण्याआधी रिसीव्हरचाही विचार व्हावा, कारण पल्सची लांबी तिथेही बदलते. टीएसओपी जातीच्या रिसीव्हरमध्ये प्रवर्धन आपोआप कमी-जास्त होते आणि प्रकाश किती तीव्र आहे त्यानुसार बाहेर पडणारा पल्स मूळ पल्सपेक्षा वाहक लहरीच्या काही आवर्तनांनी लांब किंवा आखूड होऊ शकतो. ३८ किलोहर्ट्झला एक आवर्तन सुमारे २६ मायक्रोसेकंदांचे असते, म्हणजे पाच-सहा आवर्तनांचा फरक १३० ते १६० च्या घरात जातो.

हा दोष ओळखणे सोपे आहे. यात सगळेच पल्स जवळपास सारख्याच प्रमाणात लांबतात आणि सगळेच खंड तेवढ्याच प्रमाणात आखडतात. ५६२ आणि ५६२ च्या जागी ६८० आणि ४४५ दिसेल, बेरीज मात्र तीच राहील. रिमोट जवळ किंवा दूर नेला, किंवा त्याचे सेल बदलले, की हा फरकही बदलतो.

रिसीव्हरच्या पुरवठ्यात १०० ओहमचा रोध आणि रिसीव्हरच्या पायांजवळच एक संधारक आहे का, हेही पाहा. बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रोसेसरचा बराच गोंगाट असतो आणि या रिसीव्हरना तो सहन होत नाही. त्यावर उपाय म्हणून रिसीव्हरला ५ व्होल्ट देऊ नका. त्याचा आउटपुट आतल्या रोधाने पुरवठ्याच्या पातळीला ओढलेला असतो, त्यामुळे तेच ५ व्होल्ट जीपीआयओ पिनवर येतील आणि बहुतेक बोर्डांना ते झेपत नाहीत. थेट सूर्यप्रकाश आणि इलेक्ट्रॉनिक चोक असलेले जुने सीएफएल दिवेही एकदा बंद करून पाहावेत.


प्रतिसाद : सांजदिवा

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचे आभार. पुरवठ्यात रोध आणि संधारक दोन्ही आहेत आणि ही वाचने दिवे बंद करून, एकाच अंतरावरून घेतली आहेत.

चित्रपट चालू असताना सुरुवातीचा पल्स ८,९८० ते ९,०५० च्या दरम्यान येतो, छोटे पल्स ५४० ते ६०० आणि मोठे खंड १,६५० ते १,७०० असे येतात. संगणक रिकामा असताना सुरुवातीचा पल्स कधी ९,००० च्या जवळ तर कधी ७,३०० च्या आसपास असतो. छोटे पल्स आणि छोटे खंड बहुतेक ठिकाणी बरोबर आहेत, पण मोठ्या खंडांत गडबड दिसते. उदाहरणार्थ, एका ठिकाणी १,६८७ च्या जागी २,१०० चा खंड आहे आणि लगेच पुढचा पल्स फक्त १४० चा आहे. काही चौकटींमध्ये एकूण आकड्यांची संख्याच कमी भरते.

टाइमआउट ६० मिलिसेकंदांच्या आसपास छापला जातो.


प्रतिसाद : कर्नलवाचक

ही वाचने अतिशय बोलकी आहेत. तांब्याचीतार यांनी सांगितलेला रिसीव्हरचा दोष असता तर सगळे आकडे एकाच दिशेने ढळले असते. इथे चूक विखुरलेली आहे, आणि ती विखुरण्यालाही एक शिस्त आहे.

तुम्ही दिलेले उदाहरणच घ्या. २,१०० आणि १४० यांची बेरीज २,२४० होते आणि एनईसीच्या ‘एक’ या बिटाची अपेक्षित लांबी २,२५० आहे. म्हणजे त्या बिटाच्या दोन्ही टोकांच्या कडा (पातळी बदलण्याचे क्षण) वेळेवर नोंदल्या गेल्या, मधली एक कड मात्र चारशे-साडेचारशे मायक्रोसेकंद उशिरा नोंदली गेली. प्रकाश वेळेवर आला होता, रिसीव्हरनेही तो वेळेवर सांगितला होता, पण प्रोसेसर त्या क्षणी झोपलेला होता.

जीपीआयओ-आयआर ड्रायव्हरकडे पल्स मोजणारे वेगळे हार्डवेअर नसते. पिनची पातळी बदलली की इंटरप्ट (प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारी सूचना) येतो आणि इंटरप्टचे काम सुरू झाल्यावर कर्नल घड्याळ पाहून वेळ लिहितो. प्रोसेसर गाढ निष्क्रिय अवस्थेत असेल, तर जागे व्हायला लागणारा वेळ त्या मोजमापात मिसळतो. निष्क्रिय अवस्था निवडणारा गव्हर्नर पुढची जाग किती वेळाने येईल याचा अंदाज बांधतो. ५६२ मायक्रोसेकंदांच्या छोट्या अंतरात तो प्रोसेसरला सहसा गाढ झोपू देत नाही, म्हणून तुमचे छोटे आकडे बरोबर आहेत. १,६८७ च्या खंडात, आणि चौकट सुरू होण्याआधीच्या दीर्घ शांततेत, त्याला गाढ झोप परवडते असे वाटते. म्हणूनच सुरुवातीचा पल्स ७,३०० चा भरतो आणि मोठे खंड लांबतात. जाग येईपर्यंत पुढचा छोटा पल्स संपूनच गेला असेल, तर तो नोंदलाच जात नाही आणि चौकटीतील आकडे कमी भरतात. चित्रपट चालू असताना प्रोसेसरला गाढ झोपायला सवडच मिळत नाही, म्हणून सगळे सुरळीत चालते.

खात्री करण्यासाठी, सिस या कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या फाइलव्यवस्थेत प्रत्येक प्रोसेसरखाली ‘सीपीयूआयडल’ नावाची निर्देशिका असते. तिच्यात प्रत्येक निष्क्रिय अवस्थेसाठी ‘डिसेबल’ ही फाइल आहे. सर्वांत उथळ अवस्था सोडून बाकीच्यांच्या त्या फाइलीत १ लिहा आणि रिकाम्या यंत्रावर पुन्हा वाचन घ्या. हा बदल यंत्र पुन्हा सुरू केले की आपोआप जातो, त्यामुळे तो करून पाहण्यात धोका नाही.


प्रतिसाद : सांजदिवा

गाढ अवस्था बंद केल्या आणि पहिली तक्रार पूर्णपणे नाहीशी झाली. रिकाम्या यंत्रावरचे आकडे आता चित्रपट चालू असतानाच्या आकड्यांसारखेच येतात. मात्र बोर्ड पंख्याविना चालतो आणि दिवसभर चालू असतो, त्यामुळे त्याला कायम जागे ठेवणे मला योग्य वाटत नाही. फक्त रिमोट वापरला जात असतानाच त्याला जागे ठेवता येईल का?


प्रतिसाद : कर्नलवाचक

येईल, आणि त्याची सोय ड्रायव्हरमध्येच केलेली आहे. जीपीआयओ-आयआर ड्रायव्हरच्या डिव्हाइस-ट्री (बोर्डावरील हार्डवेअरची कर्नलला दिलेली यादी) नोंदीत ‘लिनक्स, ऑटोसस्पेंड-पीरियड’ हा गुणधर्म देता येतो. त्याची किंमत मिलिसेकंदांत असते. तो दिलेला असेल, तर पहिली कड येताच ड्रायव्हर कर्नलला सांगतो की आता जागे होण्यात विलंब चालणार नाही. शेवटच्या कडेनंतर तेवढा काळ शांततेत गेला की तो ही मागणी मागे घेतो. एनईसीचा पुनरावृत्ती-संकेत ११० मिलिसेकंदांनी येत असल्यामुळे १२५ ही किंमत योग्य ठरते. बटण धरलेले असेपर्यंत प्रोसेसर जागा राहतो आणि बटण सोडल्यावर पुन्हा विश्रांती घेतो.

यात एक मर्यादा राहते. पहिली कड आली तेव्हा प्रोसेसर झोपलेलाच असतो, त्यामुळे सुरुवातीचा पल्स अजूनही आखूड मोजला जाईल. जागे होण्याचा विलंब १,१२५ मायक्रोसेकंदांच्या आत असेल, तर डीकोडर ते चालवून घेईल. तुमचा ७,३०० चा आकडा मात्र १,७०० चा विलंब दाखवतो, म्हणून फक्त सर्वांत गाढ अशी एकच अवस्था कायमची बंद करा आणि बाकीच्या राहू द्या. प्रत्येक अवस्थेखालच्या ‘लेटन्सी’ या फाइलीत तिला जागे व्हायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत लिहिलेला असतो. तो पाहून निर्णय घेता येईल.


प्रतिसाद : पहाटवारा

विषय जवळचाच असल्यामुळे इथेच विचारतो. माझ्याकडे मीडिया सेंटर प्रकारचा यूएसबी रिसीव्हर आहे. बराच वेळ रिमोट वापरला नाही, की पहिले बटण हमखास वाया जाते आणि दुसऱ्यापासून सगळे ठीक चालते. हाही प्रोसेसरच्या झोपेचाच प्रकार आहे का?


प्रतिसाद : कर्नलवाचक

प्रोसेसरची झोप इथे आड येत नाही. तुमच्यासारखा मीडिया सेंटर, म्हणजे एमसीई-यूएसबी, रिसीव्हर पल्सची लांबी स्वतःच ५० मायक्रोसेकंदांच्या पटीत मोजतो आणि तयार आकडे यूएसबीवरून पाठवतो, त्यामुळे प्रोसेसर उशिरा जागा झाला तरी आकडे बिघडत नाहीत. तुमच्याकडे झोपते ते यूएसबी उपकरण. सिसमध्ये त्या उपकरणाच्या ‘पॉवर’ निर्देशिकेतील ‘कंट्रोल’ फाइलीत ‘ऑटो’ लिहिलेले असेल, तर त्या जागी ‘ऑन’ लिहा. त्याने फरक पडला, तर तेच यूडेव्हच्या (उपकरण जोडले जाताच ठरलेली कामे करणाऱ्या सेवेच्या) नियमात उतरवून ठेवा.


प्रतिसाद : सांजदिवा

ऑटोसस्पेंडचा गुणधर्म १२५ ठेवला आणि सर्वांत गाढ अवस्था बंद केली. आता रिकाम्या यंत्रावरही बटणे चुकत नाहीत आणि बोर्डाचे तापमान पूर्वीसारखेच आहे. दुसरी तक्रार, म्हणजे बाण दोनदा लागणे, तशीच आहे.


प्रतिसाद : स्पंदलेखक

दोनदा लागण्याबद्दल मी लिहितो, कारण बाण दोनदा आणि ओके व आवाज एकदाच ही विभागणीच कारण सांगते. बटणे दोन वाटांनी कोडीपर्यंत पोहोचत आहेत. कर्नल रिमोटला कीबोर्डसारखे एक इनपुट उपकरण म्हणून उभे करतो आणि एक्स सर्व्हर ते इतर कीबोर्डांप्रमाणेच वाचतो. दुसरीकडे एलआयआरसीडी तोच रिमोट कच्च्या रूपात वाचते आणि स्वतःच्या सॉकेटमधून कोडीला सांगते.

खात्रीसाठी ईव्हीटेस्ट हे साधन ‘ग्रॅब’ पर्यायाने चालवा. त्याने ते इनपुट उपकरण एकट्याच्या ताब्यात घेतले जाते आणि एक्स सर्व्हरपर्यंत काहीच पोहोचत नाही. त्या स्थितीत कोडीमध्ये बाण एकदाच लागू लागले, तर उरलेली वाट एलआयआरसीडीची आहे हे सिद्ध होते.

यातली एलआयआरसीडीची वाट बंद करावी, असा माझा सल्ला आहे. कर्नल डीकोड करू शकतो अशा प्रोटोकॉलसाठी तिची गरज उरलेली नाही. अगदी आडवळणाच्या प्रोटोकॉलसाठीही ४.१८ या आवृत्तीपासून बीपीएफचे (कर्नलमध्ये सुरक्षितपणे चालवता येणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचे) छोटे डीकोडर कर्नलमध्ये चढवता येतात, आणि पल्सच्या लांबीत किती फरक चालवून घ्यायचा हेही त्यांतल्या काहींना सांगता येते. सेवा बंद करताना तिच्यासोबतचे सॉकेट युनिटही बंद करा, नाहीतर कोडीने सॉकेटला हात लावताच सेवा पुन्हा सुरू होते.

त्यानंतर ओके बटण अजिबात लागणार नाही, त्याची तयारी ठेवा. कर्नलमध्ये ओके या कळीचा क्रमांक ३५२ आहे. एक्स सर्व्हर कर्नलच्या क्रमांकात ८ मिळवून पुढे पाठवतो आणि त्याची मर्यादा २५५ पर्यंतच आहे. म्हणजे २४७ च्या पुढची कोणतीही कळ एक्सपर्यंत पोहोचत नाही. आजवर तुमचे ओके फक्त एलआयआरसीडीच्या वाटेने येत होते, म्हणून ते एकदाच लागत होते. कर्नलच्या की-मॅपमध्ये, म्हणजे कोणता कोड म्हणजे कोणती कळ याच्या तक्त्यात, त्या बटणाला ओकेऐवजी एंटर ही कळ द्या. आवाजाच्या कळा मर्यादेच्या आत आहेत आणि बहुधा एलआयआरसीडीच्या फाइलीत नोंदलेल्या नाहीत, म्हणून त्याही एकदाच लागत होत्या.


प्रतिसाद : सांजदिवा

ग्रॅब करून पाहिले, बाण एकदाच लागले. एलआयआरसीडी सॉकेटसह बंद केली, ओकेला एंटर दिले, आणि आता प्रत्येक बटण एकदाच लागते. आवाजाची बटणे एलआयआरसीडीच्या फाइलीत खरोखरच नव्हती. आता फक्त सोडल्यानंतर पुढे सरकणारी यादी उरली आहे.


प्रतिसाद : इंद्रधनू

त्यासाठी आयआर-सीटीएलने टाइमआउट शक्य तितका कमी करावा, म्हणजे बटण सुटल्याची नोंद लवकर होईल.


प्रतिसाद : कर्नलवाचक

दिशा बरोबर आहे, पण तो आकडा हाताने ठरवण्याआधी तो कुठून येतो हे पाहू.

इन्फ्रारेड रिमोट ‘बटण सुटले’ असे कधीच सांगत नाही. तो फक्त पाठवणे थांबवतो. मग कर्नलला वाट पाहून ठरवावे लागते. शेवटच्या संकेतानंतर प्रोटोकॉलचा पुनरावृत्ती-काळ अधिक रिसीव्हरचा टाइमआउट एवढा वेळ काहीच आले नाही, की तो बटण सुटल्याचे जाहीर करतो. एनईसीसाठी हा पुनरावृत्ती-काळ ११० मिलिसेकंद धरलेला आहे. तुमचा टाइमआउट ६० आहे, म्हणून सुटल्याची नोंद शेवटच्या संकेतानंतर १७० मिलिसेकंदांनी होते. तुमचे बोट शेवटचा संकेत गेल्यानंतरच्या ११० मिलिसेकंदांत केव्हाही उचलले जाऊ शकते, म्हणून तुम्हाला जाणवणारा उशीर ६० ते १७० मिलिसेकंदांचा असतो. डेस्कटॉप सेकंदाला २५ वेळा पुनरावृत्ती करत असेल, तर ४० मिलिसेकंदांना एक ओळ या हिशेबाने दोन ते चार ओळी पुढे जातात. तुम्ही नोंदवलेले आकडे हेच आहेत.

आता ६० कुठून आले ते पाहा. नवे कर्नल, चालू असलेल्या सगळ्या प्रोटोकॉलपैकी ज्याला सर्वांत जास्त थांबावे लागते त्याच्यानुसार टाइमआउट ठरवते आणि त्यात १० मिलिसेकंद मिळवते. शार्पचा प्रोटोकॉल प्रत्येक संकेताची उलटवलेली प्रत ४० मिलिसेकंदांनी पाठवतो, म्हणून त्याचा डीकोडर चालू असला की सगळ्यांनाच थांबावे लागते. तुमच्याकडे बहुधा सगळे प्रोटोकॉल चालू आहेत. आयआर-कीटेबलने फक्त एनईसी ठेवा. टाइमआउट आपोआप १६ मिलिसेकंदांच्या आसपास येईल आणि डीकोडरला चौकट संपल्याची खात्रीही लवकर होत असल्यामुळे साध्या एका दाबाचा प्रतिसादसुद्धा जलद वाटेल.

त्यानंतरही दोन-तीन ओळी जाण्याची शक्यता उरते आणि तिचा उपाय तिसऱ्या थरात आहे. आयआर-कीटेबलमधील विलंब आणि पुनरावृत्तीचे आकडे कर्नलच्या स्वतःच्या पुनरावृत्तीसाठी असतात. आरसी-कोअर ते ५०० आणि १२५ मिलिसेकंद ठेवते, कारण संकेतच ११० मिलिसेकंदांनी येत असताना त्याहून वेगाने पुनरावृत्ती करण्यात अर्थ नसतो. पण एक्स सर्व्हर कर्नलची पुनरावृत्ती टाकून देतो आणि स्वतःची करतो, म्हणून तुम्ही आकडे बदलूनही फरक पडला नाही. एक्ससेट या आज्ञेने पुनरावृत्तीचा विलंब ५०० आणि वेग सेकंदाला ८ ठेवा. मग जास्तीत जास्त एकच ओळ पुढे जाईल. जोडलेल्या खऱ्या कीबोर्डालाही हाच वेग लागू होईल, एवढे ध्यानात असू द्या.


प्रतिसाद : रानपाखरू

माझ्या यंत्रावर आरसी-५ चा रिमोट आहे आणि टाइमआउट मी हाताने फार कमी केला आहे. यादी आता पुढे सरकत नाही, पण विराम देण्याचे बटण जरा जास्त वेळ दाबले गेले की चित्रपट थांबून लगेच पुन्हा सुरू होतो. तोही वेळेचाच प्रश्न असावा.


प्रतिसाद : कर्नलवाचक

होय, आणि इंद्रधनू यांच्या सूचनेला मी जी पुस्ती जोडली तिचे कारण हेच आहे. आरसी-५ मध्ये पुनरावृत्ती-संकेत नसतो, पूर्ण चौकटच दर ११४ मिलिसेकंदांनी पुन्हा येते. नवी दाब आणि धरलेले बटण यांतला फरक टॉगल या एका बिटाने कळतो. कर्नल ते बिट पाहते, पण बटण अजून दाबलेले आहे असे मानले जात असेल तरच. टाइमआउट १२५ असताना कर्नल २३९ मिलिसेकंद वाट पाहते, म्हणून मधली एक चौकट गळाली तरी पुढची २२८ व्या मिलिसेकंदाला वेळेत पोहोचते. तुमच्याकडे ही वाट पाहणे १३० मिलिसेकंदांच्या आसपास असणार. एक चौकट गळाली की कर्नल बटण सुटले असे जाहीर करते आणि पुढची चौकट, टॉगल तेच असले तरी, नवी दाब ठरते.

एनईसीमध्ये हाच प्रसंग वेगळा दिसतो. तिथे बटण सुटले असे ठरल्यानंतर आलेला पुनरावृत्ती-संकेत टाकून दिला जातो, त्यामुळे दोनदा लागण्याऐवजी धरलेले बटण मध्येच थांबते.

टाइमआउट थोडा वाढवून तुमचा त्रास थांबेल, पण मुळात चौकट का गळते ते आधी पाहा. आरसी-५ ची वाहक लहर ३६ किलोहर्ट्झची असते. रिसीव्हर ३८ चा असेल तर तो चालतो, पण पल्ला कमी होतो आणि दुरून चौकटी गळू लागतात. कच्च्या वाचनात पल्स आणि खंड ८८९ किंवा १,७७८ यांच्या जवळ आहेत का, ते जवळून आणि दुरून तपासा.


प्रतिसाद : सांजदिवा

फक्त एनईसी ठेवल्यावर टाइमआउट खरोखरच १६ च्या जवळ आला, आणि एक्ससेटने वेग ८ केल्यावर यादी सोडल्या जागी किंवा फार तर पुढच्या ओळीवर थांबते. बटणाचा प्रतिसादही आधीपेक्षा जलद जाणवतो. आता हे बदल यंत्र पुन्हा सुरू केल्यावर टिकवायचे आहेत. डिव्हाइस-ट्रीचा बदल टिकतो, पण प्रोटोकॉलची निवड आणि ओकेचा बदल दर वेळी जातो.


प्रतिसाद : स्पंदलेखक

त्या दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत बसतात. तुमच्या रिमोटची की-मॅप टीओएमएल या साध्या मजकूर-स्वरूपात ‘ईटीसी’खालील ‘आरसी-कीमॅप्स’ निर्देशिकेत ठेवा आणि ‘ईटीसी’तील ‘आरसी-मॅप्स’ या तक्त्यात जीपीआयओ-आयआर ड्रायव्हरसमोर त्या फाइलीचे नाव लिहा. उपकरण दिसताच यूडेव्ह तो तक्ता वाचून आयआर-कीटेबल चालवतो. फाइलीत प्रोटोकॉल म्हणून फक्त एनईसी नोंदवा आणि ओकेच्या स्कॅनकोडसमोर (रिमोट त्या बटणासाठी पाठवतो त्या कोडासमोर) एंटर लिहा, म्हणजे बाकीचे डीकोडर सुरूच होणार नाहीत. एक्ससेटची ओळ मात्र डेस्कटॉपच्या सत्र-आरंभात वेगळी टाकावी लागेल. ज्या डेस्कटॉपला कीबोर्डच्या पुनरावृत्तीची स्वतःची सेटिंग आहे, तिथे ती सेटिंगच बदलावी, कारण सत्र सुरू होताना डेस्कटॉप स्वतःचे आकडे त्या ओळीवर पुन्हा लिहू शकतो.